जुन्या गाडीला ग्राइंडर लावायच्या आधी: मराठवाड्यातल्या तमाम बॉबर-कॅफेरेसरवाल्या भावांना खुलं पत्र

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, संभाजीनगर, धाराशिव, हिंगोली, आठही जिल्ह्यांत घरच्या पत्र्याच्या शेडात, जिन्याखाली नाहीतर आखाड्यावर जुन्या फटफट्या खोलून, कापून-छाटून त्यांचे बॉबर नाहीतर कॅफे रेसर करायला बसलेल्या समस्त पोरांनो, रामराम.

आधीच सांगून टाकतो, 'आमच्या काळी' म्हणून तुम्हाला झापायला हे पत्र लिहित नाहीये. मी तुमच्यातलाच आहे, ऑफिस सुटलं की कपडे बदलून शेडात घुसणारा, अन् घरून जेवायला हाक आली की हाताचं ग्रीस कशाला पुसावं ते शोधत बसणारा. कस्टमचं वेड मला बी आहे. म्हणणं एकच आहे अन् ते या पत्रात फिरून फिरून येणार आहे: गाडीवर जे काय करायचं ते नट-बोल्टनं करा, ग्राइंडरनं नको. लावलेलं उद्या काढता आलं पाहिजे अन् काढलेलं परत जागेवर बसवता आलं पाहिजे. मग रंग लाल मारा नाहीतर पोपटी मारा, माझं काय जातंय.

आता तुम्ही काय करायलात ते बघतोच ना मी. आजोबांची राजदूत, चुलत्याची येझदी, नाहीतर वडिलांना लग्नात मिळालेली आरएक्स १००, कडब्याच्या गंजीमागं कित्येक वर्षं उभी असते, तिच्यावर कोंबड्या बसून बसून टाकीचा रंग गेलेला असतो. पोरगं मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी कॅफे रेसरची रील बघतं, दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडनं ग्राइंडर आणतं, अन् सीटच्या मागचा चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, सगळा भाग उडवून टाकतं. मडगार्ड भंगारात, साडी गार्ड भंगारात, टूलबॉक्स भंगारात, वर फळीसारखी चपटी सीट, मागं रुंद टायर, सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली, कार्बोरेटरला उघडा कोन फिल्टर, झाली गाडी. फोटो लै भारी येतो, मान्य. पण फोटो काढून झाल्यावर ती चालवायची बी असते राव, अन् ती बी आपल्या पाणंद रस्त्यांवर.

चेसिसचं ऐका आधी. सीटखालून मागं जाणाऱ्या नळ्यांवर वरच्या बाजूनं शॉकप धरलेले असतात, डबलसीट माणसाचं वजन तिथंच पडतं, अन् मागची कमान दोन्ही नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. कमान उडवली की दोन्ही नळ्या आपापल्या नादानं थरथरायला मोकळ्या. त्यात सिंगल सिलेंडरचं इंजिन. जुनी बुलेट ३५० घ्या, ७० मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरची रुंदी) अन् ९० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), तिचा हादरा काय असतो ते चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही, नंबर प्लेटचे बोल्ट सुद्धा ढिले करते ती. अन् वेल्डिंग कुणाकडनं, तर गेट-खिडक्या करणाऱ्याकडनं. त्याचा हात चांगलाच असतो, वाद नाही, पण गेट एका जागी उभं राहतं. नळी तापून जिथं गार झाली, वेल्डच्या अगदी कडंला, तिथलं लोखंड बदललेलं असतं, अन् चीर पडते ती बहुतेक तिथंच, वेल्ड वरून कितीबी जाडजूड दिसू द्या.

आमच्या गल्लीतल्या एका पोराची बुलेट अशीच. शेडात घेऊन आला अन् म्हणला, काका मागून कुईकुई आवाज यायलाय, शॉकप बदलू का. सीट काढली, चिंधीला डिझेल लावून नळी पुसली तर रंगावर केसाएवढी काळी रेघ, अन् रेघेच्या दोन्ही बाजूंनी तांबूस भुकटी झिरपलेली. नख फिरवलं तर नख अडकलं. पोरगं हसत होतं, रंग उडालाय म्हणालं. मी म्हणलं, मागं बसून जरा दाब दे बरं. तो दाब द्यायला लागला तशी ती रेघ उघडायची अन् मिटायची, उघडायची अन् मिटायची. मग हसू बंद झालं, कारण त्याच गाडीवर त्याची आई मागं बसून रोज बाजाराला जायची.

आता कायद्याचं, थोडक्यात सांगतो कारण ह्याच्यात मजा नाही पण माहीत पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं बी हेच सांगितलं, अन् त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२अ कलम आलं, त्याच्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला म्हणतोय मी, गाडीला नाही, तुमच्या गाडीवरचे बदल मोजा अन् गुणाकार करा. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या, त्याला कुणी अडवत नाही. सायलेन्सरबद्दल काय बोलू, चौकात सायलेन्सर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात ते तुम्ही माझ्याआधी बघितलेले असतात.

अन् ह्या सगळ्याची गाठ पडते ती पासिंगच्या दिवशी. १५ वर्षांनी आरसीची मुदत संपते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलच्या रिन्यूअलची फी ३०० ची १,००० झाली, अन् ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलला २,००० केली, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर त्याचे पैसे महिन्याच्या हिशोबानं वेगळे. एवढं भरून साहेबासमोर शेपूट तुटलेली गाडी उभी करायची अन् तो म्हणणार, आरसीवर दोन सीट आहेत, दुसरी कुठंय? काय सांगणार?

चेसिस नंबरचं तर लै पोरांना माहीतच नसतं. बहुतेक जुन्या गाड्यांना तो हँडलखाली मानेवर ठोकलेला असतो. पासिंगला त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासतात अन् छाप घेतात. तुम्ही काय करता, आधी सँड ब्लास्टिंग (वाळू मारून जुना रंग काढणं), मग वरून जाड पावडर कोटिंग, झाला नंबर गायब. मग तिथं थिनर अन् पॉलिश पेपर घेऊन घासत बसा. त्यापेक्षा कामाला द्यायच्या आधीच नंबरचा जवळून फोटो काढा, ब्लास्टिंगवाल्याला तेवढी जागा सोडायला सांगा, अन् कोटिंगच्या आधी उष्णता सहन करणारी टेप लावा. साधी कागदी मास्किंग टेप लावू नका, पावडर भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजतात, त्याच्यात ती जळून चिकटून बसते. अन् एमएच सुरू व्हायच्या आधीच्या, तीन अक्षरी नंबरच्या गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी आरसीची ऑनलाइन नोंद आहे का तेवढं बघा, नसंल तर आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, अन् रेकॉर्ड ऑनलाइन नसलं की ती बुक करतानाच घोडं अडतं.

बरं, कायदा ठेवा बाजूला. उघडा कोन फिल्टर हा आपल्या मातीसाठी नाहीच. सोयाबीनची मळणी चालू असताना एखाद्या वस्तीवरून गाडी काढून बघा, काळ्या रानाची ती बारीक धूळ नाकात जाते, डोळ्यात जाते, अन् तुम्ही कार्बोरेटरचं तोंड तिच्यासमोर उघडं ठेवलंय. ती आत जाऊन बोअरवर उभ्या रेघा पाडते, रिंगा खाते, अन् एक-दोन हंगामात गाडी ऑइल प्यायला लागली म्हणून तुम्ही परत लेथवर बोअर करायला. दुसरी गोष्ट, कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढला की हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिक्श्चर पातळ होतं. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडायचं भोक, मोठा केला नाही तर इंजिन तापतं. टू स्ट्रोकला तर हे लै महाग पडतं, पिस्टन जाम होतो नाहीतर त्याला भोक पडतं, अन् आपल्याकडं एप्रिल-मेत पारा ४२ च्या वर असतो तेव्हा वेगळी आग लावायची गरज नाही. प्लग काढून बघत जा ना, फुकट आहे ते: बिस्किटी रंग असला तर ठीक, पांढराफट्ट असला तर गाडी थांबवा, काळाकुट्ट अन् ओला असला तर पेट्रोल नाहीतर ऑइल जास्त जायलंय. कोन फिल्टर लावून जेट न बदलणाऱ्याला गाडी फास्ट झाल्यासारखी वाटते कारण आवाज वाढलेला असतो, एवढंच.

अन् साडी गार्ड. हसता तुम्ही त्याला, गावठी म्हणता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे, त्याच्यात मागं बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा अन् मागचं चाक किमान अर्धं झाकंल असं संरक्षण सांगितलंय, का तर कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडं मागं नऊवारी असते, पदर असतो, ओढणी असते, बुरखा असतो, कडंवर लेकरू बी असतं. रीलमधल्या गाडीवर मागं कुणीच बसलेलं नसतं हे कधी बघितलंय का?

मग करायचं काय, तर आधी गाडी जशी होती तशी करा. ह्याला टाइम लागतो पण खरी गंमत इथंच आहे, कापण्यात नाही. खोलायच्या आधी प्रत्येक बाजूनं फोटो, वायरिंगचे तर प्रत्येक जोडाचे, अन् प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पुडीत, पुडीवर चिठ्ठी. गंजलेला बोल्ट पान्यानं तोडायची घाई करू नका, डिझेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू ठोका, परत डिझेल मारा, तरी नाही हलला तर नट गरम करा. आटे गेले की आटे गेले, मग लेथवाल्याची पायरी चढणं आलंच. आरएक्सच्या इंजिन कव्हरचे ते फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, आपला साधा स्क्रूड्रायव्हर त्याच्यात घसरतो अन् डोकं गोल करतो, म्हणून तिथं नीट बसणारा बिट अन् हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, एकदाच पैसे जातात. ब्रेकशू, केबल, टायर, चाकाचे बेरिंग, हे इंजिनच्या आधी. गाडी चालू होण्याअगोदर थांबली पाहिजे, ही आमच्या मिस्त्रीची शिकवण.

टाकीला मात्र वेळ द्या. आतला गंज काढायला मूठभर नट टाकून हलवा, सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून भरून ठेवा, रंगाच्या बाजूला सांडू देऊ नका, मग ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्लपणा मारा, साध्या पाण्यानं धुवा अन् ताबडतोब वाळवा. ताबडतोब म्हणजे ताबडतोब, ओली राहिली तर तासाभरात आत परत तांबडं दिसायला लागतं. वाळली की थोडं टू स्ट्रोक ऑइल टाकून आतून सगळीकडं फिरवा. आता पाण्याचं म्हणाल तर, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात राहतो मी, गाडी धुवायला पाइप लावलेला बघवत नाही मला. इंजिनची चिकट घाण ब्रशनं अन् डिझेलनं निघते, धुतल्यापेक्षा चांगली निघते, पाणी नुसतं टाकीलाच लागतं.

टाकीवरून आठवलं, आता पंपावर मिळतंय ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पाणी खाली बसतं अन् टाकी आतून खातं, शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कॉकचं वाशर, कार्बोरेटरच्या सुईचं रबर हे त्याच्यासाठी बनलेलंच नाही, फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं. ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं, अन् गंजायली ती टाकी बी आपलीच, कुणाला बोलायचं? पाइप अन् वाशर नवीन, इथेनॉलला टिकणारे टाका, अन् गाडी उभी करायची असंल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका.

एवढं झाल्यावर मग कस्टम करा की हौसेनं. हँडल बदला, क्लॅम्प सोडून दुसरं बसतं. सीट पाहिजे तशी करा, फक्त बेसप्लेट नवीन करून कंपनीच्याच भोकांवर बसवा, जुनी सीट माळ्यावर टाका. पॉइंटला (प्लगला ठिणगी पाडणारा जुना उघड-मिट कॉन्टॅक्ट) कंटाळला असाल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा, पण काढलेला पॉइंट-कंडेन्सरचा सेट डब्यात घालून ठेवा, कारण आडरानात किट गेलं तर कुणी दुरुस्त करत नाही अन् पॉइंट पॉलिश पेपर मारून बी घरी आणतो. बुलेटचा पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) नसलं तर घ्या, डोळ्यानं लावायचं काम म्हाताऱ्या मिस्त्र्यांचं, आपलं नाही.

अन् त्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांकडं जात जा रे. सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ प्लास्टिकचा कागद पॉइंटमध्ये धरून मॅग्नेट हळूच फिरवायचे, कागद सुटला की तिथंच टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), असली माणसं अजून आपल्या तालुक्यांत आहेत, दुकानात बाहेर पंचरचं काम अन् आत भिंतीला पुली-पुलर लटकलेला. येझदीची किक अन् गिअरचा दांडा एकच असतो, किक मारून तो परत पुढं घ्यायचा, हे माहीत नसलेल्या एका भाऊनं तो दांडाच कापून दुसरा वेल्ड केलेला मी बघितलाय, मिस्त्रीला एकदा विचारलं असतं तर चहाच्या पैशात भागलं असतं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, तिथं अन् आसपासच्या कंपन्यांत उमेदीची वर्षं घातलेले फिटर, टर्नर, वेल्डर आता रिटायर होऊन आपापल्या गावी पारावर बसलेत. चेसिसला खरंच वेल्ड लागणार असंल, तडा असंल, तर गेटवाल्याऐवजी अशा माणसाला विचारा, तो आधी नळी जिगमध्ये (पक्कं धरायच्या साच्यात) सरळ धरंल, मग वेल्डिंग मशीनचं बटन दाबंल.

अजून एक हिशोब सांगतो, तो पैशाचा आहे म्हणून तरी ऐकाल. जुलै २०२१ मध्ये केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांवरची दुचाकी नाहीतर चारचाकी, मूळ रूपात असलेली, चेसिस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली, तिला वेगळी 'व्हीए' मालिकेतली नोंदणी मिळते, १० वर्षांसाठी, फी २०,००० अन् रिन्यूअलला ५,०००. रोज बाजाराला न्यायला ती चालत नाही, रॅली-प्रदर्शन असल्या कामालाच, अन् फी बी गरिबाच्या आवाक्यातली नाही हे माझं मत सरकारनं बी ऐकावं. पण १९७५ च्या आसपासची राजदूत नाहीतर बुलेट ज्याच्या घरात आहे त्याच्यासाठी हे दार आत्ता उघडायलंय, अन् आरएक्स १०० तर १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, तिची पहिली खेप २०३५ ला पन्नाशीत येईल. तवर तुमच्याकडं काय राहणार, अख्खी गाडी का अर्धी? आत्ताच बिनकापलेल्या, कागद असलेल्या आरएक्सला लोक काय भाव सांगायलेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्यांनी आधीच कापलीय त्यांनी पत्र वाचून डोक्याला हात लावून बसू नका. सीट काढा, नळ्या पुसा, उजेडात वेल्डच्या कडा बघा. रेघ दिसली तर डबलसीट बंद, लगेच. भंगारवाल्यांकडं त्याच मॉडेलचा सडलेला चेसिस मिळतो, त्याची मागची कमान चांगली असली तर तेवढी घेऊन नीट जिगवर बसवून घेता येते, फक्त त्या चेसिसचा नंबर आपल्या गाडीवर आणायचा उद्योग कुणी सुचवला तर तिथून निघा, तो गुन्हा आहे, साधासुधा नाही.

अन् काढलेलं सामान भंगारात घालू नका हो, हात जोडतो. तुमचं भंगार ते दुसऱ्याचं अडलेलं काम असतं. माझ्याच राजदूतला उजव्या बाजूच्या टूलबॉक्सचं झाकण मिळंना, हैदराबादला विचारून झालं, पुण्याच्या जुन्या बाजारात फिरून झालं, जे मिळतं ते नवीन पत्र्याचं असतं अन् त्याचा खटका बसत नाही. तुमच्यापैकी कुणी राजदूत कापली असंल अन् ते झाकण अजून शेडात कुठं पडलेलं असंल तर भंगारवाल्याच्या आधी मला द्या, तो देईल त्याच्या दुप्पट देतो, अन् चहा माझ्याकडं.

तुमचाच,
लातूरचा एक टिनशेडवाला